ज्यासाठी आलात ते झालं

४ ऑक्टोबर, ऐन लोझ

पोचलो एकदाचे! अम्मानहून एवढीशी वाट, पण रामझीच्या कृपेने दुपार उलटून गेली. जेराश मागे पडल्यावर वळणं सुरू झाली आणि हा पठ्ठ्या दर वळणाला बस थांबवायला लावू लागला. निघताना तेलात पोहणारं हुम्मुस कुणी खायला सांगितलं होतं, असं विचारलं तर म्हणतो, उस्ताद, आईने वाढलं, नाही कसं म्हणू? आमचे प्राध्यापक फादर बुलुस पुढच्या बाकावर प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं खुपसून बसले होते, जणू हा विद्यार्थी त्यांचा नव्हेच.

वर्गात सगळी पोरं विशी-बाविशीची आणि मी एकटा पस्तिशीचा, मादब्याच्या शाळेत धर्मशिक्षणाचे तास घेणारा. म्हणून मी उस्ताद. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, ते मी तपासायला जात नाही. दोन आठवडे गिलादच्या डोंगरात बायबलमधल्या जागा पाहायच्या, मोजमापं घ्यायची, निबंध लिहायचा. पदवी मिळाली की शाळेत बढती. बायको अबीर म्हणाली, जा बाबा, सुटी मिळतेय तोवर जा, मी आणि मीरना मजेत राहू.

बाकीची पोरं चर्चच्या खोल्यांत आहेत. मी आणि रामझी अबू नबील यांच्या घरी. दगडी घर, वर द्राक्षाचा मांडव, खाली गोठा. मुलगा कुवेतला असतो, त्यामुळे म्हातारा-म्हातारी आम्हाला जेवू घालायला टपलेलीच आहेत. शेख नावाचा कुत्रा आहे, तो आधी भुंकला आणि मग पायात लोळला. मला एकच मूल आणि तीही मुलगी, हे ऐकून उम्म नबील खो खो हसल्या. म्हणजे तू अबू मीरना, नुसता मीरनाचा बाप होय? एक मुलगा होऊ दे रे, मग तुला धड नाव मिळेल. मी म्हटलं, मामी, मला हेच नाव आवडतं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक वांगं टाकलं.

मीरनाशी फोनवर बोललो. येशू तिथे राहायचा का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, नाही, त्याचे लांबचे नातेवाईक राहायचे. मग त्यांना माझा सलाम सांग म्हणाली. आज खूप बरं वाटतंय.

५ ऑक्टोबर

सकाळी गावामागची टेकडी. वर जुन्या भिंतींचे पाये आहेत आणि काही अभ्यासकांच्या मते इफ्ताहाचं गाव मिस्पा ते हेच. फादर बुलुस मात्र म्हणतात की असं म्हणणाऱ्या टेकड्या या भागात डझनभर आहेत, तेव्हा फार भारावून जाऊ नका.

त्यांनी बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकातला तो भाग वाचला. इफ्ताह गिलादचा. अम्मोन्यांवर चालून जाताना त्याने देवाला नवस केला की जिंकून परतलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं मला सामोरं येईल ते तुला बळी देईन. जिंकला. परतला तर डफ वाजवत, नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. शब्द दिलेला होता. त्याने तो पाळला.

रामझीने विचारलं, असा नवस कोण शहाणा करतो? फादरांनी भिंतींच्या पायाकडे बोट दाखवलं. त्या काळी जनावरं दाराशीच बांधलेली असत. बिचाऱ्याला वाटलं असेल, बकरी येईल, कुत्रं येईल. मी म्हटलं, इफ्ताहच गाढव होता. द्यायचं काय ते बघून माणूस शब्द देतो. पोरांनी माना डोलावल्या आणि मी वहीत तेच लिहून घेतलं.

संध्याकाळी उम्म नबील यांची मकलूबा. पातेलं उलटं करताना भात सुटेना, तेव्हा अबू नबील म्हणाले, तुझ्यासारखाच हट्टी आहे गं. त्यांच्या संसाराला पन्नास वर्षं झाली म्हणे.

७ ऑक्टोबर

नव्या बुटांनी टाच सोलली. फादर म्हणाले आज घरी बस. म्हातारा-म्हातारी जैतुनाच्या तोडणीला गेलेली, रामझी टेकडीवर. भर दुपारी ओसरीवर पाय वर करून बसलो होतो.

एक म्हातारा आला. पांढरं स्वच्छ मुंडासं, खांद्यावर हिवाळ्यातला पायघोळ लोकरी झगा, अबा. एवढ्या उन्हात घामाचा टिपूस नाही. शेख भुंकला नाही, उलट गोठ्यात जाऊन बसला. मी उठून सलाम केला, आत बसवलं. घर माझं नसलं म्हणून काय झालं, आलेल्याला कॉफी देणं आलंच. किटलीत सकाळची वेलची घातलेली कडू कॉफी होती, ती गरम करून पेल्यात ओतली.

त्याने पेला घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. मग गप्प.

आता हे लिहिताना जरा लाजच वाटते, पण छाती फुगली माझी. मागणं घेऊन आलेला पाहुणा आमच्याकडे कॉफी पीत नाही. सोयरीक मागायची असो की खुनाची माफी, पेला समोर ठेवून बसून राहतो. मग यजमान म्हणतो, घ्या कॉफी, ज्यासाठी आलात ते झालं. तेव्हाच पेला ओठाला लागतो. माझ्या आजोबांपुढे असे किती पेले ठेवलेले मी लहानपणी पाहिलेत! माझ्यापुढे आजवर कुणी ठेवला नव्हता. अर्थात मागणं काय आहे ते मध्यस्थांनी आधीच दोन्हीकडे ठरवलेलं असतं, बाकी सगळा सोहळा. इथे मध्यस्थ कुणी नव्हतंच. यजमान संध्याकाळी येतील, तेव्हा या, एवढं म्हणायचं होतं मला. पण जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. म्हणालो, घ्या काका कॉफी, ज्यासाठी आलात ते झालं.

तो प्याला. पेला हलवून पुरे म्हणून खूण केली. मग सांगितलं की तू ज्या दारात परतशील त्या दारातून तुला सामोरं जे पहिलं येईल ते माझं. दर खेपेचं.

मी हसत सुटलो. म्हटलं, काका, रामझीने किती पैसे दिले? तो हसला नाही. तुझा शब्द मोठा, असं म्हणून उठला आणि गेला.

रामझी आईची शपथ घेतोय की त्याने कुणाला पाठवलं नाही. पण वर असंही म्हणतोय की कल्पना झकास आहे, मलाच सुचायला हवी होती. फादरांचं काम असणार.

८ ऑक्टोबर

टेकडीवर गेलो, लंगडत का होईना. फादर कानांवर हात ठेवतात. परतताना शेख फाटकातून धावत आला आणि नेहमीप्रमाणे पायात लोळला. त्याला उरलेलं चीज दिलं.

९ ऑक्टोबर

सकाळी शेख अंगणात मेलेला. जखम नाही, फेस नाही, झोपल्यासारखा. अबू नबील म्हणाले, वय झालं होतं त्याचं. स्वतः खड्डा खणला, आम्हाला हात लावू दिला नाही.

माझ्या मनात एक विचार येऊन गेला आणि मी तो झटकला. शिकलेला माणूस आहे मी.

संध्याकाळी परतलो तर तांबडी बकरी दावं तोडून दारातून बाहेर आली आणि माझी बाही चावू लागली. उम्म नबील मागून ओरडत आल्या, अगं सटवे, पाहुण्याचा शर्ट खातेस? सगळे हसले. मीही हसलो. रात्रीचं जेवण मात्र गेलं नाही.

१० ऑक्टोबर

बकरी मेली. उम्म नबील तिच्या पिल्लाला मांडीवर घेऊन रडत होत्या. कुणी गवतावर औषध फवारलं असेल, असं अबू नबील म्हणतात.

टेकडीवर रामझीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो आधी हसला आणि मग माझा चेहरा बघून थांबला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, उस्ताद, एक म्हातारा कुत्रा आणि एक अधाशी बकरी, एवढ्यावर माणूस वेडा होत नसतो. आज माझ्यावर सोडा.

मला वाटलं, फादरांशी बोलेल.

तो माझ्याआधी खाली गेला. मी फाटकाशी पोचलो तर दारातून थाळी बडवत, कंबर हलवत नाचत हा बाहेर. डोक्याला उम्म नबील यांची ओढणी. इफ्ताहाची लेक आली हो, बाबा, तुम्ही जिंकलात! मी ओरडलो. इतका मोठ्याने की थाळी त्याच्या हातून पडली. मग त्याने मला मिठी मारली. म्हणाला, बघा, उद्या सकाळी मी तुमच्या वाटणीची अंडी खाणार आहे, म्हणजे खात्री पटेल.

त्याला म्हटलं, आज रात्री जागे राहू. नको म्हणाला, झोप येतेय.

११ ऑक्टोबर

रामझी गेला.

अजलूनहून डॉक्टर आले. हृदय बंद पडलं म्हणतात. बावीस वर्षांचा मुलगा. अंगावर व्रण नाही. कुशीवर वळून, गालाखाली हात घेऊन.

त्याची आई अम्मानहून आली. माझ्या हातांचं चुंबन घेतलं. तो फोनवर तुमच्याबद्दलच बोलायचा, म्हणाली, आमचे उस्ताद, आमचे उस्ताद. मी तिला काय सांगणार होतो? तुझ्या मुलाला मी एक पेला कॉफीत देऊन टाकलं? भित्रा आहे मी.

फादरांनी सहल थांबवली. उद्या बस. सगळ्यांनी आपापल्या घरी जा, म्हणाले.

घरी.

मी शाळेतून येतो तेव्हा गाडीचा आवाज ऐकूनच मीरना सुटते. अबीर म्हणते, हिला दाराला बांधून ठेवू का? रोज. एक दिवस चुकलेला नाही. एक चप्पल पायात, एक हातात.

१२ ऑक्टोबर

बस गेली. मी गेलो नाही.

फादरांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. म्हणाले, हे दुःख आहे बाळा, आणि दुःखाला कारण हवं असतं. देव असल्या शब्दांनी कुणाला बांधत नाही. मी विचारलं, मग इफ्ताहाला कुणी का सोडवलं नाही? ते बसमध्ये चढले.

अबू नबील यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पेला आमच्याच घरचा ना, एवढंच आधी विचारलं. मग म्हणाले, मागणं न विचारता झालं म्हणालास? अरे, आमच्यात लग्नाच्या गोष्टीतसुद्धा महिनाभर आधी माणसं येऊन जातात. मी म्हटलं, सवय हो काका. म्हणाले, सवयीनेच घात होतो. शब्द देणाऱ्याला परत घेता येत नाही, पण घेणाऱ्याला सोडता येतो. जा त्याच्याकडे. तू पेला ठेव त्याच्यापुढे.

उम्म नबील म्हणतात, घरी जाताना दारातून आधी कोंबडा सोडायला सांग बायकोला. सुचलं होतं मलाही. पण दर खेपेचं, म्हणाला होता तो. रोज एक कोंबडा, जन्मभर? आणि एखाद्या दिवशी ती कोंबड्याच्या आधी —

त्यांच्या घरातही आता राहणार नाही. त्या दारातून आता ही दोनच माणसं बाहेर यायची राहिली आहेत. वर जैतुनाच्या बागेत राखणदाराची झोपडी आहे. रचलेले दगड, वर पत्रा. दार नाहीच, नुसतं गोणपाट टांगलंय. तिथे राहीन.

१३ ऑक्टोबर

अबीरचा फोन. मित्री, तू येत का नाहीस? सांगितलं सगळं. तिने ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं, म्हणाली की रामझीच्या जाण्याचा धक्का बसलाय तुला, मी न्यायला येते. मी म्हटलं येऊ नकोस. शपथ घातली. ओरडलो. तिला रडू आलं. मागून मीरना विचारत होती, बाबा का ओरडतोय?

फोन बंद पडत आलाय. झोपडीत वीज नाही.

त्याचं घर कुणालाच ठाऊक नाही, म्हणून दुपारी इफ्ताहाच्या टेकडीवर गेलो. किटली, दोन पेले. जुन्या भिंतींच्या दगडांवर बसलो.

तो आला.

कॉफी त्यानेच ओतली, जणू घर त्याचं आणि पाहुणा मी. मी पेला समोर ठेवला. बसून राहिलो. हात मांडीखाली घेतले. आजोबांसारखा ताठ बसायचं ठरवलं होतं, पण रडलोच. माझी एकच मुलगी आहे हो, म्हणालो.

त्याने रागावून नव्हे, अगदी मायेने सांगितलं की आधी तुझं मागणं सांग, मग बघतो. मी न ऐकता हो म्हणत नाही.

मी सांगितलं. माझा शब्द सोडा. मला घ्या. हवं तर आत्ता घ्या.

तुला मी मागितलं नव्हतं, म्हणाला. मग पेल्याकडे बोट दाखवलं. घे, निवतेय.

मी प्यालो नाही. पेला तिथेच सोडून उतरलो. मागे वळून पाहिलं नाही.

१४ ऑक्टोबर

फोन मेला. बरं झालं. नाही, बरं नाही. तिचा आवाज —

अबू नबील भाकरी ठेवून जातात. मी त्यांना दुरूनच ओरडून सांगतो, झोपडीत जाऊ नका, बाहेर ठेवा. म्हातारा मान हलवतो. मला वाईट वाटतं त्यांचं.

किती दिवस राहायचं असं? वर्ष? ती मोठी होईल. बाप सोडून गेला म्हणतील तिला. म्हणू देत. जिवंत राहील. मला विसरली तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण राहू दे.

देवा, मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. इफ्ताहाने विजय मागितला होता. मी काय मागितलं? मला नुसतं मोठं वाटून घ्यायचं होतं. पेला ठेवला कुणीतरी माझ्यापुढे —

१५ ऑक्टोबर

झऱ्यावर पाणी आणायला गेलो होतो. वही खिशात. परत येतोय.

खाली अबू नबील यांच्या फाटकाशी पांढरी गाडी. अबीरच्या भावाची.

उम्म नबील खालून हातवारे करतायत. वर, वर दाखवतायत. ओरडतायत. ऐकू येत नाही. वारा आहे.

झोपडी समोर आहे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. गोणपाट सोडलेलं. मी वर बांधून गेलो होतो.

आतून हसण्याचा आवाज.

लपलेत. मला चकित करायला. अबीर, नको, सांगितलं होतं ना —

वाटेवरच बसलोय. उठणार नाही. दार नाही हे, दार नाही, गोणपाट आहे. पण तीन रात्री झोपलो इथे. माझं अंथरूण आत आहे. परत येतोय असं मीच आत्ता लिहिलं. मीच लिहिलं.

खोडलं तर —

नाही. लिहीत राहायचं. बसून लिहितोय तोवर मी परतलो नाही. वाटेवर आहे. वाटेवरचा माणूस परतलेला नसतो. काका, ऐकताय ना? मी परतलो नाही.

तो जैतुनाखाली उभा आहे. अबा खांद्यावर. झोपडीकडे बघतोय, माझ्याकडे नाही.

मागे सरकतोय. बसल्या बसल्या. खडी वाजते. आवाज करू नकोस मित्री, तिला ऐकू —

अबीर आतून म्हणतेय, थांब गं, अजून नाही.

हो. थांब. थांब बाळा. बाबा नाही आला. कुणी नाही आलं. मीरना आत राहा, आत रा

गोणपाट हल